जुन्या लाकडी गलबताची डागडुजी : रंगाचा डबा उघडण्यापूर्वी

नायगाव स्थानकाच्या पूर्वेला उतरून मिठागरांच्या बाजूने निघाले की थोड्याच अंतरावर जूचंद्र लागते. चंडिकादेवीची टेकडी, वसई-दिवा लोहमार्गावरील छोटेसे स्थानक आणि रांगोळीचे कलावंत यांमुळे हे गाव परिचित आहे. अलीकडच्या काळात येथे उभ्या राहिलेल्या इमारतींमध्ये किनाऱ्यावरील गावांतून आलेली काही ख्रिस्ती कुटुंबेही राहू लागली आहेत. अशाच एका घरी कपाटावर ठेवलेले एक लाकडी गलबत काही महिन्यांपूर्वी प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात आले. लांबी सुमारे दोन हात, एक डोलकाठी, मळकट झालेले सुती शीड, तुटून लोंबणारे दोन-चार दोर आणि सर्वांगावर धुळीचा थर. घरातील आजोबा सुतार होते. होड्यांची कामे करण्यात त्यांचे आयुष्य गेले. त्यांचा थोरला मुलगा एकदा वादळात सापडून सुखरूप परतला, तेव्हा त्यांनी फावल्या वेळात हे गलबत घडविले आणि ते पवित्र मरियेच्या चरणी अर्पण करण्याचे बोलून ठेवले. पुढे आजोबांना देवाज्ञा झाली, घर बदलले आणि नवस राहून गेला. आता तो पूर्ण करावा असे नातवाच्या मनात आले आहे.

"अंकल, पॉलिशपेपरने घासून ऑइल पेंटचे दोन हात मारले तर नवेकोरे दिसेल ना?" असे त्याने विचारले.

दिसेल, यात शंका नाही. परंतु जे अर्पण केले जाईल ते आजोबांचे गलबत असेल की नातवाचा रंग असेल, हा प्रश्न उरतो. त्याचे नीट उत्तर त्या दिवशी उभ्या उभ्या देता आले नाही, म्हणून हा लेखप्रपंच. आपल्या धर्मप्रांतातील अनेक घरांत अशी एखादी वस्तू असते. कोणाकडे वडिलांनी कोरलेला क्रूस, कोणाकडे नाताळच्या गोठ्यातील लाकडी मेंढरे, तर कोणाकडे जहाजावर नोकरीस असलेल्या चुलत्यांनी बनविलेली बोट. लाकूड, रंग, दोरा आणि कापड यांचे नियम सर्वांना सारखेच लागू पडतात.

ख्रिस्तमंदिरातील जहाजे

ख्रिस्ती श्रद्धेला जहाज नवे नाही. उत्पत्तीच्या पुस्तकातील नोहाचे तारू, लूकच्या शुभवर्तमानातील पेत्राची होडी, मार्कच्या शुभवर्तमानातील वादळात सापडलेली शिष्यांची नौका ही चित्रे आपल्या मनात बालपणापासून असतात. मंदिरात भाविक बसतात त्या मुख्य भागाला युरोपीय भाषांत जे नाव आहे, तेही लॅटिनमधील 'नाविस' म्हणजे जहाज या शब्दाशी जोडले जाते. जुन्या मंदिराच्या लाकडी छताकडे मान वर करून पाहिले, तर उलट्या ठेवलेल्या गलबताच्या पोटात उभे असल्याचा भास होतो. होडी बांधणारे सुतार आणि छप्पर बांधणारे सुतार यांची विद्या पुष्कळदा एकच असते.

समुद्रावरून जिवंत परतल्याबद्दल जहाजाची लहानशी प्रतिकृती मंदिरात अर्पण करण्याची प्रथा युरोपच्या किनाऱ्यावर शतकानुशतके चालत आली आहे. फ्रान्समधील मार्से शहरात टेकडीवर नोत्र दाम द ला गार्द हे मरियेचे मंदिर आहे. त्याच्या छतापासून अशी अनेक जहाजे टांगलेली दिसतात. आपल्याकडे वांद्र्याच्या मोतमावलीच्या जत्रेत मेणाचे हात, पाय, घरे अर्पण केली जातात, त्यामागील भावना हीच आहे. जूचंद्रच्या त्या आजोबांनी मार्सेचे नाव ऐकले असेल असे वाटत नाही, पण हातात पटाशी असलेल्या माणसाने मेणाऐवजी लाकूड निवडावे यात नवल ते काय?

अशा अर्पणांपैकी सर्वांत प्रसिद्ध प्रतिकृती स्पेनच्या कॅटालोनिया प्रांतातील मातारो या गावची आहे. तेथील संत सिमोनच्या लहानशा मंदिरात ती होती. ती १५व्या शतकातील असून आज नेदरलँड्समधील रॉटरडॅमच्या सागरी संग्रहालयात आहे. कोणा अज्ञात कारागिराने ती खऱ्या जहाजाप्रमाणे आतील लाकडी फासळ्या उभारून आणि त्यांवर फळ्या ठोकून बांधली होती. त्या काळातील भूमध्य समुद्रावरची व्यापारी जहाजे कशी बांधली जात, हे सांगणाऱ्या वस्तू फारच थोड्या उरल्या आहेत. त्यामुळे नवसापोटी बांधलेले हे खेळण्याएवढे जहाज इतिहासाच्या अभ्यासकांसाठी मोठा पुरावा ठरले. मधल्या काळात एखाद्या उत्साही भक्ताने त्याच्या फळ्या घासून, फटी बुजवून जाड रंग चढविला असता, तर त्या फळ्यांची मांडणी कोणाला वाचता आली असती?

वसईच्या बाबतीत हा विचार अधिकच करण्याजोगा आहे. १५३४ ते १७३९ या पोर्तुगीज अमलात वसई जहाजबांधणीसाठी नावाजलेली होती. पुढे मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने तीच ख्याती मिळविली. १८१७ साली तेथे मलबारी सागवानात बांधलेली 'त्रिंकोमाली' ही युद्धनौका इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही तरंगत्या अवस्थेत पाहावयास मिळते. परंतु मोठ्या जहाजांच्या नोंदी राहतात, त्यांचे आराखडे कचेऱ्यांत जपले जातात. गावातील मचवे आणि होड्या बांधणाऱ्या सुतारांचे आराखडे बहुधा त्यांच्या डोळ्यांत आणि बोटांत असत. आता लाकडी होड्यांची जागा फायबरच्या होड्यांनी मोठ्या प्रमाणात घेतली आहे. अशा वेळी जाणत्या सुताराने स्वतःच्या हाताने केलेली प्रतिकृती ही त्या विद्येची एक वही असते, आणि पॉलिशपेपर त्या वहीतील अक्षरे पुसून टाकतो.

प्रथम पाहावे

त्या गलबताच्या डेकखाली आम्ही बॅटरीचा झोत तिरपा धरला तेव्हा पेन्सिलीच्या खुणा दिसल्या. फासळ्यांची अंतरे तसू आणि सुतांत मांडलेली होती. एके ठिकाणी आकडा खोडून दुसरा लिहिला होता. आजोबांनी चूक केली होती आणि ती सुधारली होती! घरातील कोणालाही याची कल्पना नव्हती. नातू बराच वेळ काही बोलला नाही.

म्हणूनच पहिले काम हाताचे नसून डोळ्यांचे आहे. दिवसाच्या उजेडात सर्व बाजूंनी छायाचित्रे काढावीत. नाळ, सुकाणू, डोलकाठीचे बूड, दोरांच्या गाठी यांची जवळून वेगळी छायाचित्रे घ्यावीत. कोणता दोर कोठून निघून कोठे बांधला आहे, याचा कागदावर ओबडधोबड का होईना नकाशा करावा. गळून पडलेला प्रत्येक तुकडा, मग तो काडीएवढा असो, कागदी पाकिटात घालून तो कोठे सापडला ते वर लिहावे. गलबत उचलताना डोलकाठीला किंवा कठड्याला धरू नये. दोन्ही हात तळाखाली घालूनच ते उचलावे.

त्यानंतर कीड. लाकडावर मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी समजावी. टाचणीच्या डोक्याएवढी गोल छिद्रे आणि त्यांखाली पिठासारखा भुसा दिसला, तर ते लाकूड पोखरणाऱ्या किड्याचे काम होय. मात्र छिद्रे दिसली म्हणजे कीड जिवंत आहे असे नव्हे. ती चाळीस वर्षांपूर्वीच निघून गेलेली असू शकते. गलबत काळ्या कागदावर ठेवून तीन-चार आठवडे पाहावे. ताजा, फिकट भुसा पुन्हा पडला तरच उपचार करावा.

वस्तुसंग्रहालयांत यासाठी गोठविण्याची पद्धत वापरतात. वस्तू प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे २० अंश सेल्सिअसच्या आसपास किमान दोन आठवडे ठेवतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडत नाहीत. एक पूर्ण दिवस तशीच राहू देतात, म्हणजे दव पिशवीच्या बाहेरच्या अंगाला धरते आणि लाकूड कोरडे राहते. घरच्या फ्रीजमध्ये दोन हातांचे गलबत मावणार नाही, पण आपल्या कोळीवाड्यांत मासळीच्या मोठ्या शीतपेट्या आहेत. पिशवी मात्र दुहेरी असावी, नाहीतर नवसाच्या गलबताला बोंबलाचा वास यायचा! जाड रंगाचे किंवा सोनेरी मुलाम्याचे थर असलेली वस्तू जाणकारास विचारल्यावाचून गोठवू नये, कारण थंडीने तो थर सुटू शकतो. कडक उन्हात वाळविण्याचा आपला घरगुती उपायही टाळावा. लाकडाचा वरचा थर आधी आकसतो आणि ते तडकते.

धूळ, थुंकी आणि सरस

धूळ झाडण्यासाठी मऊ केसांचा रुंद ब्रश पुरे. वरून खाली, सावकाश झाडावे. त्यानंतरही चिकट काळपटपणा राहिला तर काय करावे? येथे वाचकांना हसू येईल, परंतु मोठमोठ्या संग्रहालयांतील तज्ज्ञ काडीवर कापूस गुंडाळून तो स्वतःच्या थुंकीने ओला करतात आणि चित्रे स्वच्छ करतात. थुंकीतील पाचक द्रव्ये मळ सैल करतात आणि रंगाला सहसा इजा करीत नाहीत. नंतर शुद्ध पाण्याने किंचित ओलावलेला दुसरा बोळा फिरवितात. आधी न दिसणाऱ्या जागी प्रयोग करून पाहावा. कापसावर मळाऐवजी रंग उतरू लागला तर तेथेच थांबावे. साबण, रॉकेल, थिनर आणि ओले फडके यांना या कामात स्थान नाही. जवसाचे किंवा खोबरेल तेल चोळल्याने लाकूड चार दिवस झळकते, पुढे तेल चिकट होऊन धूळ धरते आणि जवसाचे तेल तर काळवंडते. प्रस्तुत लेखकाने तरुणपणी घरातील एका जुन्या क्रुसाला मोठ्या प्रेमाने तेल पाजले होते. त्या क्रुसावरील काळा थर आजतागायत निघालेला नाही.

सुटलेल्या फळ्या चिकटविताना कोणता चिकट पदार्थ वापरावा, याला फार महत्त्व आहे. जुने सुतार जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला सरस वापरीत. तो पाण्यात भिजवून, गरम पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवून, उकळू न देता पातळ करतात. त्याचा मोठा गुण असा की पुढे कधी चूक लक्षात आली तर ऊब आणि ओलावा देऊन सांधा पुन्हा सोडविता येतो. आजचा पांढरा कृत्रिम गोंद अधिक भक्कम असतो, पण सुटता सुटत नाही. क्षणात चिकटणारा गोंद तर लाकडात शिरून कायमचा डाग पाडतो. गोंद लाकडापेक्षा बळकट झाला की पुढच्या वेळी सांधा न तुटता फळीच फाटते. सुटू लागलेल्या रंगाच्या पापुद्र्यांसाठी जतनतज्ज्ञ माशाच्या पोटातील हवेच्या पिशवीपासून केलेला अतिशय मऊ सरस वापरतात. घोळ माशाच्या 'बोता'ची किंमत आपल्या कोळी बांधवांना चांगली ठाऊक आहे. बोताच्या जातीच्या वस्तूचा असाही उपयोग होतो, हे कदाचित ठाऊक नसेल.

लोखंडी चुका, म्हणजे बारीक खिळे, हे खाऱ्या हवेतील मोठे दुखणे होय. गंजताना लोखंड फुगते आणि बारीक फळी चिरते. त्याभोवती लाकूड काळे पडते, कारण लाकडातील कषाय द्रव्याशी लोखंडाची प्रक्रिया होते. तो काळेपणा मळ नव्हे, घासून जाणार नाही. खिळा उपटण्याचा मोह आवरावा. उपटताना खिळ्याबरोबर लाकूड येते. सैल गंज कोरड्या ब्रशने काढून ती जागा कोरडी ठेवली की पुष्कळ झाले. आजोबांनी वरून चपड्याचे, म्हणजे लाखेचे पॉलिश दिले असेल, तर त्यावर आधुनिक प्लास्टिकसारखे व्हार्निश चढवू नये. चपडा स्पिरिटमध्ये विरघळतो, म्हणून जाणत्या पॉलिशवाल्याला तो थर आहे त्या जागी सावरता येतो.

राहिले दोर आणि शीड. येथे सर्वाधिक घाई केली जाते. सैल पडलेला प्रत्येक दोर तुटलेला नसतो. सुती दोरा पावसाळ्यात ओल धरून ताणला जातो आणि उन्हाळ्यात सैलावतो. म्हणून आज सैल दिसणारा दोर ओढून बांधला तर जुलैमध्ये तो डोलकाठीच वाकवील. खरोखर तुटलेले दोर तेवढे बदलावेत. नवा दोरा जुन्याच्या जवळचा, पण बारकाईने पाहणाऱ्यास ओळखू येईल असा असावा. हा नियम आमचा नव्हे. प्राचीन वास्तूंच्या जतनासंबंधी १९६४ साली व्हेनिस येथे जी सनद तयार झाली, तिच्यात नवा भाग एकूण रूपाशी जुळावा पण मुळापासून वेगळा ओळखता यावा, आणि जेथून अंदाज सुरू होतात तेथे दुरुस्ती थांबावी, अशी तत्त्वे आहेत. जूचंद्रच्या गलबताच्या नाळेवर पूर्वी काहीतरी बसविलेले असावे. दोन भोके आहेत, वस्तू नाही. तेथे क्रूस होता असे एका आत्याचे म्हणणे, तर कंदील होता असे दुसरीचे. दोघींचे म्हणणे लिहून ठेवावे आणि भोके तशीच राहू द्यावीत, हे बरे.

गालील सरोवरातील नौका

'अपुरे गलबत देवाला कसे द्यायचे?' असा प्रश्न नातवाच्या आईने केला. प्रश्न भक्तीचा आहे आणि त्याला उत्तरही तसेच द्यावयास हवे.

१९८६ सालच्या आरंभी दुष्काळामुळे गालील सरोवराचे पाणी ओसरले आणि गिनोसार येथील दोन मच्छीमार भावांना चिखलात एका नौकेची कड दिसली. बारा दिवस अहोरात्र खणून ती बाहेर काढण्यात आली. लांबी ८ मीटरहून थोडी अधिक, रुंदी सुमारे २.३ मीटर. काळ प्रभू येशूच्या आसपासचा. दोन हजार वर्षे पाणी मुरलेले ते लाकूड हवेत कोरडे झाले असते तर त्याचा चुरा झाला असता. म्हणून तिला फोमच्या आवरणात गुंडाळून पाण्यावरून तरंगत किनाऱ्यावर नेले आणि पुढे मेणासारख्या द्रव्याच्या हौदात अनेक वर्षे ठेवून तिचे लाकूड टिकाऊ केले गेले. पवित्र भूमीच्या यात्रेस जाणाऱ्या भाविकांना ती गिनोसारच्या संग्रहालयात पाहता येते. प्रभू याच नौकेत बसले होते असे कोणी सिद्ध केलेले नाही, तसा दावाही करू नये. ती त्या काळच्या सामान्य कोळ्याची नौका आहे एवढे पुरे.

या नौकेचे दोन विशेष येथे सांगितले पाहिजेत. तिच्यात दहा-बारा जातींची लाकडे सापडली. काही तर दुसऱ्या मोडक्या होड्यांतून काढून बसविलेली. म्हणजे मालकाची ऐपत बेताची होती आणि मिळेल त्या लाकडाने तो ठिगळे लावीत गेला. ही ठिगळे आज अभ्यासकांना साबूत फळ्यांइतकीच मोलाची वाटतात. आणि दुसरे असे की, नौकेचा वरचा भाग नाहीसा झालेला असूनही तो नव्या लाकडात बांधून तिला 'पूर्ण' करण्यात आलेले नाही. जेवढी मिळाली तेवढीच ती मांडली आहे, आणि ती पाहताना कित्येकांचे डोळे भरून येतात. अपुरेपणा तेथे भक्तीच्या आड आलेला नाही.

धर्मसभेचा कायदा काय सांगतो

१९८३ च्या धर्मसभा कायद्यातील दोन कलमे या संदर्भात माहीत असावीत. कलम ११८९ नुसार मंदिरात भाविकांच्या आदरासाठी ठेवलेल्या आणि प्राचीनता, कला किंवा भक्तिपरंपरा यांमुळे मौल्यवान ठरलेल्या प्रतिमांची दुरुस्ती धर्माधिकाऱ्यांच्या लेखी परवानगीवाचून करता येत नाही, आणि परवानगी देण्यापूर्वी त्यांनी तज्ज्ञांचा सल्ला घ्यावयाचा असतो. कलम १२३४ तीर्थस्थानांविषयी आहे. लोककलेची आणि लोकभक्तीची नवसाची अर्पणे तेथे किंवा जवळपास मांडून ठेवावीत आणि सुरक्षित जपावीत, असे त्यात सांगितले आहे. काटेकोरपणे पाहता घरातील गलबताला यांपैकी कोणतेही कलम लागू होत नाही. तरीही एका सुताराच्या नवसाची वस्तू धर्मसभेच्या लेखी जपण्यायोग्य असते, हे त्यांतून कळते. सणाच्या आधी घाईघाईने जुन्या मूर्तींवर चकचकीत रंग चढविणाऱ्या आपल्या उत्सव समित्यांनी पहिले कलम एकदा जरूर वाचावे.

काम घरच्या आवाक्याबाहेरचे वाटले, तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलावस्तूंच्या जतनाचे केंद्र आहे. तेथील जाणकारांचा सल्ला घेता येईल. निदान काय करू नये, एवढे तरी कळून येते.

कोठे ठेवावे

दुरुस्तीपेक्षा जागा महत्त्वाची. लाकूड ओल धरते तेव्हा रेषांच्या आडव्या दिशेने फुगते आणि कोरडे होताना आकसते. एकसारख्या दमट हवेपेक्षा दिवसातून दोनदा बदलणारी हवा त्याला अधिक त्रास देते. म्हणून रात्री चालू आणि दिवसा बंद होणाऱ्या वातानुकूलन यंत्रासमोर, पावसाचा मारा बसणाऱ्या बाहेरच्या भिंतीला लावून, किंवा पश्चिमेच्या खिडकीत गलबत ठेवू नये. काचेची पेटी उत्तम, पण तिला मागे बारीक छिद्रे असावीत. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर टाकणे म्हणजे बुरशीला आमंत्रण होय. डांबराच्या गोळ्या रंगाला लागतील अशा ठेवू नयेत. दर पावसाळ्यानंतर एकदा बॅटरी घेऊन पाहणी करावी. पेटीत एक चिठ्ठी असावी. तीवर कोणी बांधले, कोणत्या गावी, कोणते लाकूड, कोणत्या वर्षी काय दुरुस्त केले, हे सर्व लिहावे. भागांची बोलीतील नावे सांगणारे वृद्ध घरात असतील, तर ती आजच विचारून घ्यावीत.

जूचंद्रच्या गलबताचे काम अद्याप चालू आहे. कीड जुनीच निघाली, गोठवावे लागले नाही. धूळ निघाल्यावर कडेने लावलेली एक बारीक निळी रेघ दिसू लागली आहे. तीन दोर बदलले. त्यांसाठी सुती दोरा चहाच्या पाण्यात बुडवून योग्य छटेवर आणण्याचे काम शेजारच्या इमारतीतील एका रांगोळी कलावंताने केले. दोन दिवसांत पुसली जाणारी कला करणाऱ्या त्या तरुणाने या पन्नास वर्षांच्या दोऱ्याची छटा चौथ्या प्रयत्नात अचूक पकडली. शीड फाटके आहे तसेच ठेवण्याचे ठरले असून मागून पातळ मलमलीचा आधार द्यावयाचा आहे. धर्मगुरूंशी बोलणे झाले आहे. काचपेटीचे माप घेतले आहे. काढलेले जुने दोर एका पाकिटात ठेवले असून त्यावर आजीने आपल्या थरथरत्या हाताने आजोबांचे नाव लिहिले आहे. ते पाकीट पेटीतच, गलबताखाली ठेवले जाईल.